मुहूर्ताचा नग

इशारा आला तेव्हा ऋतुजा ऐवळे कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत डबा उघडत होती. मोबाइलवर नाव नव्हतं, गाव नव्हतं. फक्त एका इम्प्लांटचा नंबर आणि त्यापुढे एक आकडा. कुणाच्या तरी तोंडात, एका दाताच्या आत, स्क्रू सैल पडत चालला होता.

तिने घास घेतला. महिन्याकाठी असे एकदोन इशारे येतच. कुणी दातांनी सुपारी फोडतो, कुणी झोपेत दात खातो. मग तिने नंबर नीट पाहिला आणि चावायची थांबली. मागच्या आठवड्यात आलेल्या इशाऱ्याचा नंबर याच्या शेजारचाच होता.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या कारखान्यात ती इम्प्लांटच्या आतल्या आट्यांचं काम पाहत असे. इम्प्लांट म्हणजे दाताचं टायटॅनियमचं मूळ. ते जबड्याच्या हाडात बसवतात, आणि आता आलेल्या नव्या लेपामुळे हाड त्याला महिन्याभरात धरतं. मुळाच्या आत वरून एक बंद तळाचं भोक असतं, जेमतेम दीड मिलिमीटर रुंद, आणि भोकाच्या भिंतीवर आटे. वरची कॅप एका बारीक स्क्रूने त्या आट्यांत आवळतात. लोकांना वाटतं, स्क्रू घट्ट बसतो म्हणून कॅप टिकते. खरं तर स्क्रू किंचित ताणला जातो म्हणून ती टिकते. ताणलेला स्क्रू रबरासारखा आखडायला बघतो आणि त्या ओढीने कॅप मुळावर दाबून बसते. ओढ कमी झाली की कॅप हलू लागते, स्क्रू वाकतो आणि एक दिवस तुटतो. तुटका तुकडा मुळात अडकला, की बहुतेक वेळा मूळच हाडातून कोरून काढावं लागतं.

ही ओढ पूर्वी कुणालाच तोंडात मोजता येत नसे. डॉक्टरच्या हातातला पाना ठरलेल्या जोराला कट्‌ करून सुटे, आणि ओढ पुरेशी आली असं सगळे धरून चालत. मग बोलते स्क्रू आले. त्यांच्या मानेवर एक पातळ पापुद्रा असतो. स्क्रू जितका ताणलेला, तितका पापुद्र्याचा विद्युतरोध बदललेला. चावताना पडणाऱ्या दाबातून तो स्वतःपुरती वीज मिळवतो, दिवसभराचे चढउतार लक्षात ठेवतो, आणि मोबाइल गालाला लावला की सगळं सांगून टाकतो. आकडे डॉक्टरकडे जातात आणि, नव्या नियमाप्रमाणे, नाव वगळून बनवणाऱ्याकडेही. पूर्वी माल फाटकाबाहेर गेला की गेला. आता तो बाहेरून बोलत राहत होता.

ऋतुजाने डबा तसाच झाकला आणि संगणकावर त्या दोन नंबरांचा दिवस काढला. दोन्ही दसऱ्याचे होते. सकाळच्या पहिल्या वीसांतले.

तिला लगेच पूजेचं ते ताट आठवलं. झेंडू, आपट्याची पानं, आणि मधोमध एक चकचकीत पिवळा नग.

"काका," ती मालकांच्या दारात उभी राहिली. "दसऱ्याला मुहूर्ताचा नग आपण कशाचा काढला होता?"

सुकुमार मगदूम चष्मा कपाळावर चढवून कसलंसं कोटेशन वाचत होते. "कशाचा म्हणजे? पितळेचा. माझ्या वडिलांपासून पितळेचाच निघतोय. देवापुढं जरा चकाकी दिसते."

"पण कुठल्या मशीनवर?"

"नव्या. नवीन मशीनचा पहिला दसरा, तिचा मान." बोलता बोलता त्यांनी चष्मा खाली घेतला. "का गं?"

ऋतुजा त्यांच्यासमोर बसली. नवं यंत्र घेण्याचा आग्रह दोघांनीही धरला होता, आणि कारण आटेच होते. टायटॅनियम चिवट. कापताना ते थोडं दबतं आणि हत्यार पुढे गेलं की परत फुगतं. टॅप, म्हणजे आटे पाडायचं स्क्रूसारखं हत्यार, घातला तर त्याला चारही बाजूंनी आवळून धरतं, आणि इतका बारीक टॅप बंद भोकात मोडला, की तो नग गेलाच. म्हणून नव्या यंत्रात टॅप नव्हताच. भोकापेक्षा बारीक एक हत्यार आत उतरे आणि भिंतीला टेकून मळसूत्रासारखं फिरत आटे कोरत वर येई. ते इतकं बारीक की कोरताना स्वतःच वाकणार. किती वाकलं हे यंत्राला कळे, आणि पुढच्या नगाला ते तेवढं आधीच भिंतीकडे रेटून धरे. प्रत्येक नग पुढच्या नगाला शिकवत असे.

"पितळ मऊ," ती म्हणाली. "हत्यार वाकलंच नसणार. यंत्र समजलं, रेटायची गरज नाही. आणि लगेच आपण टायटॅनियम लावलं."

मगदूमांनी खुर्ची मागे सरकवली. "अगं, पण पहिल्या नगावर गेज मी स्वतः लावून बघितलं होतं. सरकन आत गेलं."

"पहिला नग पितळेचा होता, काका."

नियमाप्रमाणे दिवसाचा पहिला नग हाताने तपासायचा आणि मग दर पन्नासावा. मधले सगळे यंत्राच्या भरवशावर. पहिला चांगला निघाला होता. पन्नासावा येईपर्यंत यंत्र पुन्हा टायटॅनियम शिकून मोकळं झालं होतं.

"मुहूर्ताला दोष देऊ नकोस बाई," मगदूम अखेर म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"मुहूर्त चांगलाच होता. पितळ चुकलं."

दोघं कपाटाकडे गेले. दसऱ्याच्या लॉटमधले अकरा नग अजून शिल्लक होते. ऋतुजाने गेज, म्हणजे आटे तपासायचा अचूक मापाचा स्क्रू, हातात घेतलं. दुसऱ्या नगात ते दोन आटे जाऊन अडलं. सातव्यात अर्ध्यावर. चौदाव्यात जोर लावून गेलं, पण जोर लावायचा नसतो. एकविसाव्यात मात्र बोटाच्या टोकाने फिरत खाली उतरलं. आटे उथळ निघाले होते, म्हणजे भोक घट्ट. डॉक्टरचा पाना आपल्या ठरल्या वेळी कट्‌ झाला असणार. पण त्यातला बराचसा जोर घासण्यातच गेला आणि स्क्रू ताणलाच गेला नाही.

"पहिल्या वीसांतले तोंडात किती?" मगदूमांनी विचारलं.

"नऊ."

"उद्यापर्यंत थांबू या? अजून एखादा इशारा आला तर—"

"नऊ माणसं आहेत, काका."

त्यांनी मान खाली घातली, मग मोबाइल उचलला. "डॉक्टरांचे नंबर दे. मी स्वतः बोलतो सगळ्यांशी. आणि ऐक, त्यात आपले आप्पा..."

"आहेत," ऋतुजा म्हणाली.

आप्पा म्हणजे तिचे वडील. दसऱ्याचा नग त्यांना दे, चांगल्या दिवसाचा आहे, असं तिला मगदूमांनीच सुचवलं होतं. आणि तिने आनंदाने नेला होता.

*

आप्पा, म्हणजे हणमंत ऐवळे, पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. निवृत्तीनंतर मिरजेत दोन शिष्य, लग्नसराईत एखादी सुपारी आणि रोज सकाळी स्वतःपुरता रियाझ. क्लॅरिनेट धरताना वरचे पुढचे दात थेट त्याच्या तोंडावर टेकतात. ते म्हणत, सूर आधी दातात येतो, कानाला नंतर कळतो. जिन्यावरून घसरून पुढचा दात मुळासकट गेला तेव्हा त्यांनी वाद्य पेटीत ठेवलं आणि पेटी माळ्यावर. घरात रेडिओसुद्धा लागेना. इम्प्लांटच्या निमित्ताने ते पुन्हा माणसांत आले होते. कॅप बसवून आता दोन महिने झाले होते, आणि तीन महिने वाजवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ऋतुजा घरी आली तेव्हा ते भाजी निवडत होते.

"आप्पा, मोबाइल गालाला लावा जरा. तुमचं रीडिंग जानेवारीपासून आलेलंच नाही."

"बरं आहे माझं. दात एकदम झकास आहे."

"तरी लावा."

"हे बघ, माझ्या तोंडातल्या गोष्टी तुमच्या कंपनीला कशाला? उद्या मी काय खाल्लं तेही विचारशील."

"आप्पा."

"मेथी बघ काय कोवळी आहे."

तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली, हात पुसले, आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा गाल पुढे केला. पडद्यावर आकडा आला, आणि मागोमाग गेल्या आठवड्यांचा आलेख. जेवणाच्या वेळांचे ठळक उंचवटे दिसत होते. आणि रोज सकाळी, ऋतुजा कामावर गेल्यानंतर, तासभर एक दाट, बारीक थरथर.

ती आलेखाकडे बघत राहिली. "हे काय आहे?"

"घोरत असेन."

"सकाळी दहाला?"

आप्पांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "हळू वाजवतो. फडकं कोंबून. शेजारच्यांनासुद्धा ऐकू जात नाही. आणि तुमचा तो स्क्रू चहाड्या करणार हे ठाऊक होतं, म्हणून मोबाइल लावला नाही. झालं समाधान?"

एरवी ती रागावली असती. पण तिची नजर स्क्रूच्या ओढीच्या आकड्यावर होती. चारशेच्या आसपास असायला हवा होता. एकशे सत्तर होता.

तिने त्यांना सगळं सांगितलं. पितळ, यंत्र, गेज, नऊ माणसं. आप्पांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदा जीभ दातावरून फिरवली.

"म्हणजे काढायचा?"

"फक्त स्क्रू. आतले आटे साफ करायचे आणि परत बसवायचा. पण..." तिने मोबाइल बाजूला ठेवला. "टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की कधीकधी चिकटून बसतं. स्क्रू निघालाच नाही, तर मूळ काढावं लागेल. मग हाड भरेपर्यंत सहा-सात महिने काही नाही. आणि हाड कमी भरलं तर पुन्हा बसेलच असंही नाही."

"आणि नाही काढला तर?"

"तर तुटेल. आज ना उद्या."

त्यांनी मेथी पुन्हा पुढे ओढली आणि निवडू लागले. "एक विचारू? मी वाजवलं म्हणून झालं का हे?"

"नाही आप्पा. आमच्यामुळे झालं."

"मग ठीक," ते म्हणाले. त्या दिवशी दोघांपैकी कुणीही जास्त जेवलं नाही.

*

आटे साफ करायचं हत्यार ऋतुजाने स्वतः बनवलं. हातात धरायची एक सळई, टोकाला कठीण कार्बाइडचे चार बारीक दात, आणि भोकात सरळ उतरावं म्हणून वर बाहीसारखी एक नळी. कपाटातल्या नगांवर तिने सराव केला. स्क्रू घट्ट करायचे, खारट पाण्यात दोन दिवस ठेवायचे, मग सोडवायचे. सात नगांचे स्क्रू सहज सुटले. आठव्याचा स्क्रू जागचा हलला नाही; जोर दिला तसं त्याचं डोकंच गोल झालं.

आठात एक, तिने मनाशी म्हटलं. मग वाटलं, तोंडात लाळ असते, उष्णता असते, दोन महिन्यांचं चावणं असतं. आठात एक हा आकडा कुठल्याच तोंडाला लागू नव्हता.

मगदूमांचे फोन झाले होते. नऊपैकी तीन पेशंट मिरजेतच, डॉ. निलोफर मुजावर यांच्याकडचे. पहिल्या दिवशी त्या तिघांना बोलवायचं ठरलं. क्रम ऋतुजाने लावला: आधी एक निवृत्त तलाठी, मग सोनवणेबाई नावाच्या एक शिक्षिका, शेवटी आप्पा. तिने तो निलोफरना पाठवला तेव्हा त्यांनी विचारलं, "आप्पा शेवटी का?"

"असंच."

"हत्यार पहिल्यांदाच तोंडात जाणार आहे, म्हणून?"

ऋतुजाने तीन नावांची यादी पुन्हा वाचून पाहिली. निलोफरनी क्रम मान्य केला. "माझ्याही वडिलांना मी शेवटीच ठेवलं असतं," त्या एवढंच म्हणाल्या.

पण सकाळी दवाखान्यात पोचल्यावर आप्पांनी भिंतीवरच्या पडद्यावर तिघांची नावं वाचली आणि ते सरळ आत गेले.

"डॉक्टरबाई, पहिला नंबर माझा लावा."

"आप्पा, क्रम ठरलाय," ऋतुजा मागून म्हणाली.

"कुणी ठरवला ते कळतंय मला." ते खुर्चीत बसलेसुद्धा. "माझा बिघडला तर घरातली गोष्ट आहे. मी तुला घरी शिव्या देईन. ते तलाठी कुणाला देणार?"

"आप्पा, तुमचं वाजवणं—"

"माझंच आहे ना? मग मी बघतो. डॉक्टरबाई, लाइट लावा."

निलोफरनी ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजाने मान हलवली. हातमोजे चढवताना तिच्या लक्षात आलं, की तिने इतकी वर्षं हजारो मुळांच्या आत आटे कोरले, पण एकही मूळ हाडात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

कॅपच्या मागच्या बाजूचं भोक बुजवणारं सिमेंट काढलं. खाली, अरुंद विहिरीच्या तळाशी दिसावं तसं, स्क्रूचं डोकं चमकलं. निलोफरनी पाना त्यावर बसवला आणि डावीकडे वळवला.

काही झालं नाही.

"थोडं अजून," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आप्पांनी खुर्चीच्या हातांवरची बोटं आवळली. ऋतुजाच्या डोळ्यांपुढे तो आठवा नग आला, त्याचं गोल झालेलं डोकं. निलोफरनी पाना काढला, पुन्हा नीट बसवला, श्वास सोडला आणि वळवला.

स्क्रू सुटला. किंचित करकरला, मग आटा-आटा करत वर आला, आणि कॅपसकट त्यांच्या हातातल्या ट्रेमध्ये पडला. त्याच्या डोक्यावर ओरखडाही नव्हता.

ऋतुजाने सळई निलोफरच्या हातात दिली. बाही मुळावर टेकली, सळई सरळ उतरली. एक फेरा, मागे अर्धा, पुन्हा एक. "कसं लागतंय?" ऋतुजाने विचारलं.

"इथे धरतंय... आता सोडलं. पुन्हा धरतंय."

"तो चौथा आटा असेल. जोर नको. तो आपणहून जाईल."

शेवटी सळई तळाला टेकली आणि फिरत वर आली. तिच्या दातांत टायटॅनियमचा एक धागा गुंडाळला होता, केसापेक्षा बारीक, कुरळा. एवढ्याशा धातूसाठी तिची चार दिवसांची झोप गेली होती. तिने गेज दिलं. निलोफरनी ते दोन बोटांनी फिरवलं आणि ते कुठेही न अडता खाली गेलं.

"गेलं," त्या म्हणाल्या. "अगदी लोण्यात गेल्यासारखं."

भोक धुऊन झालं. नवा स्क्रू, तीच कॅप. पाना ठरलेल्या जोराला कट्‌ झाला. पण त्या आवाजावर आता खोलीतल्या कुणाचाच विश्वास नव्हता. निलोफरनी मोबाइल आप्पांच्या गालाला लावला आणि पडदा ऋतुजाकडे वळवला.

तीनशे नव्वद. दोन मिनिटं थांबून पुन्हा लावला. तीनशे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा लावला. तेवढाच.

ऋतुजा भिंतीकडच्या स्टुलावर बसली. तिला हसू येत होतं.

"पहिल्या झटक्याला जाम वाटला होता मला," निलोफर हातमोजे काढत म्हणाल्या. "मग निघाला कसा सहज? इतका घट्ट आटा, चिकटायलाच हवा होता."

"ओढ फारच कमी होती," ऋतुजा म्हणाली. "दाबून बसलाच नव्हता. आणि रोज तासभर तो थरथरत होता. कदाचित त्यानेच चिकटू दिला नसेल. खात्रीने नाही सांगता येणार."

"क्लॅरिनेटने?"

"कदाचित."

निलोफरनी आवाज खाली आणला. "हे त्यांना सांगू नका. पुन्हा कधी आपलं ऐकणार नाहीत."

"ऐकलं मी," आप्पा म्हणाले. खरं तर त्यांच्या तोंडून "ऐअं ई" असं काहीसं बाहेर पडलं, कारण तोंड अजून सताड उघडंच होतं. मिटायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मिटा आप्पा, मिटा," ऋतुजा उठली, आणि आता मात्र तिला हसणं आवरेना. निलोफरही हसू लागल्या.

आप्पांनी तोंड मिटलं, जबडा चोळला, जीभ दातावरून सावकाश फिरवली. "मग कधीपासून?"

"पंधरा दिवसांनी," निलोफर म्हणाल्या.

"आठ."

"हा बाजार नाही, आप्पा. बारा. आणि रोज मोबाइल गालाला लावायचा."

"लावतो. आता लपवायचं काय राहिलं?"

मगदूमांचा फोन आला. ऋतुजा 'निघाला' एवढंच म्हणाली. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी मुहूर्ताचा नगसुद्धा टायटॅनियमचाच काढायचा. देवाला चकाकी थोडी कमी, पण चालवून घेईल तो."

"आणि मुहूर्तानंतरचा पहिला नग पुन्हा तपासायचा, काका."

"तोही. आणि दुसराही. बाकीच्या आठांचं बघ आता तू."

बाहेरच्या खोलीत तलाठी अजून आले नव्हते. सोनवणेबाई मात्र लवकर येऊन बसल्या होत्या. पर्स दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरलेली, नजर आतल्या दारावर. मगदूमांनी फोनवर त्यांना सगळं खरं सांगितलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ऋतुजा त्यांना बोलवायला निघाली, पण आप्पा तिच्या आधीच दाराशी पोचले होते.

"या ताई," ते म्हणाले, आणि त्यांनी ओठ वर करून नवा दात दाखवला. "माझा आत्ताच झाला. निघतो, बसतो, काही होत नाही. फक्त तोंड उघडं ठेवून कंटाळा येतो."

सोनवणेबाईंनी दाताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "दुखत नाही?"

"छे. मी बसतो ना इथे तुमचं होईपर्यंत. पर्स द्या माझ्याकडे."

बाईंनी एक क्षण विचार केला, पर्स आप्पांच्या हातात दिली, आणि त्या आत गेल्या.